माल पोचला

आमच्या आजोळी व्हीसीआर आला तेव्हा सगळ्या वाडीत मिळून टीव्ही दोन. मामा बोटीवर होता. सिंगापूरला बोट लागली की काही ना काही घेऊन यायचा. सेंटच्या बाटल्या, नायलॉनच्या साड्या, एकदा टेपरेकॉर्डर, आणि १९८३ साली हा करडा, जड व्हीसीआर. गाव दाभोळच्या खाडीकाठचं. संध्याकाळी वीज असली तर असायची. ती आहे असं दिसलं की पडवीत चटया पडायच्या आणि वाडीतली वीस-पंचवीस माणसं येऊन बसायची. मे महिना असेल तर एका बाजूला आंब्याच्या पेट्या रचलेल्या, त्यांच्या पेंढ्याचा वास, आणि समोर पडद्यावर जे काही लागेल ते.

१९८७ च्या मे महिन्यात एका रात्री ड्रॅक्युला लागला. १९३१ सालचा, काळापांढरा. त्या कॅसेटवर काय आहे हे लावेपर्यंत कोणाला माहीत नव्हतं. इंग्रजी फक्त मामाला येत होतं, तेही बंदरावरचं. तो अधूनमधून एखादं वाक्य मराठीत सांगायचा, बाकीचं आम्ही चेहऱ्यांवरून समजून घ्यायचो. मी अकरा वर्षांचा होतो. मधल्या खांबाला पाठ टेकून बसलो होतो, कारण मागून कोणी येणार नाही याची ती एकच खात्रीची जागा होती.

सिनेमात बोटीचं दृश्य येतं. ड्रॅक्युलाच्या पेट्या घेऊन एक शिडाचं जहाज वादळातून इंग्लंडला निघालंय. दोन मिनिटांचं प्रकरण. लाटा, पाऊस, दोरांना लोंबकळणारी माणसं. मग एकदम सगळं शांत, बंदर, आणि सुकाणूच्या चाकाला बांधलेल्या मेलेल्या कप्तानाची सावली. बाकी खलाशी संपलेले. पुढच्या क्षणाला गोष्ट लंडनच्या रस्त्यावर पोचते.

मामा उठला आणि त्याने पॉजचं बटण दाबलं. पडद्यावर ती सावली थरथरत राहिली, मधोमध पांढरी रेघ मारून. मामा कोणाकडे न बघता म्हणाला, "ह्यांच्या घरी कोणी कळवलन काय?"

कोणी काही बोललं नाही. काय बोलणार? त्याने बटण परत दाबलं आणि तो बाहेर खळ्यात जाऊन बसला. अंधारात त्याच्या विडीचं टोक दिसत होतं. मी आजीला विचारलं, मामा घाबरला का? आमच्याकडे पाण्यात मेलेल्या माणसाचा गिऱ्हा होतो म्हणतात, खाडीच्या काठी तिन्हीसांजेला थांबू देत नाहीत. मला वाटलं तसलं काहीतरी त्याला आठवलं असेल. आजी म्हणाली, "जाऊ दे त्याला. तू बघ तुझा सिनेमा."

तेव्हापासून जुने भयपट बघायचा नाद मला लागला तो अजून सुटलेला नाही. आणि बोट आली की मी अजूनही मामाचा प्रश्न विचारतो. या लेखात जे आहे ते सगळं त्या एका प्रश्नामागे फिरताना सापडलेलं आहे.

आधी पुस्तकाकडे गेलो. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीत ही बोट म्हणजे 'डेमेटर', वार्नाहून इंग्लंडच्या व्हिटबी बंदराकडे निघालेली. कप्तान आपल्या रोजनिशीत माणसं मोजून लिहितो: पाच खलाशी, दोन मेट म्हणजे कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी, एक आचारी आणि तो स्वतः. एकूण नऊ. जुलैच्या मध्यावर खलाशी अस्वस्थ होतात, काय झालंय ते सांगत नाहीत, मेट चिडून एकावर हात टाकतो. दोन दिवसांनी पेट्रोफ्स्की नावाचा माणूस सकाळी सापडत नाही. मग दुसरा. मग तिसरा. पहारा तसाच चालू, फक्त पहारा द्यायला माणसं कमी. मला त्या रोजनिशीतल्या भुतापेक्षा हा हिशोब जास्त भिववतो. माणूस गेला की त्याचं काम उरलेल्यांत वाटलं जातं, बोट थांबत नाही.

शेवटी कप्तान चाकाला हात बांधून घेतो आणि मरतो. व्हिटबीचे लोक त्याची मोठी अंत्ययात्रा काढतात, नदीतून नावांची रांग जाते. ते योग्यच झालं. पण पुढचं पान वाचताना मी थांबलो. जहाजात मातीने भरलेल्या पन्नास पेट्या होत्या आणि त्या एका वकिलाच्या नावाने पाठवलेल्या होत्या. तो वकील येतो, रीतसर ताबा घेतो, पेट्या रेल्वेने लंडनला रवाना होतात. कागदपत्रं चोख. नऊ माणसं गेली आणि पेटी एकही गहाळ झाली नाही.

माल पोचला. कादंबरीकाराने यावर एक शब्द जास्त खर्च केलेला नाही. त्याच्या वाचकाला त्यात काही वावगं वाटलं नसावं, कारण जहाजांचा धंदा असाच चाललेला होता.

स्टोकर १८९० मध्ये व्हिटबीला राहून गेला होता. तिथे त्याला पाच वर्षांपूर्वी किनाऱ्यावर येऊन आदळलेल्या 'दिमित्री' नावाच्या रशियन जहाजाची हकीकत मिळाली. ऑक्टोबर १८८५ मधली ती घटना, आणि फ्रँक सटक्लिफ या तिथल्या छायाचित्रकाराने घेतलेला त्या जहाजाचा फोटो आजही बघायला मिळतो. वाळूत कलंडलेलं लाकडी जहाज. भूत त्याच्यात नव्हतं. ते लेखकाने नंतर चढवलं.

पण त्या काळच्या इंग्रजी दर्यावर्दी जगात भुताची खरं तर गरज नव्हती. 'शवपेटी जहाजं' हा शब्द तेव्हा इंग्लंडमध्ये सर्रास वापरात होता. कुजलेलं जहाज घ्यायचं, त्याच्या किमतीपेक्षा जास्त विमा उतरवायचा, बुडेस्तोवर माल भरायचा आणि पाठवून द्यायचं. पोचलं तर भाडं मिळालं, बुडालं तर विमा. खलाशाने करारावर सही केल्यावर जहाजाची अवस्था बघून जायला नकार दिला, तर त्याला तुरुंगात टाकायची तरतूद कायद्यात होती आणि ती वापरली जात होती. मला कुठल्याही भयपटात याहून मोठी भीती सापडलेली नाही. आत मरण दिसतंय, आणि चढायला नकार देणं हा गुन्हा.

सॅम्युअल प्लिमसॉल हा माणूस कोळशाचा व्यापारी, डर्बीचा खासदार. समुद्राशी त्याचा तसा संबंध नव्हता. त्याने १८७३ मध्ये या जहाजांवर पुस्तक लिहून गहजब केला आणि २२ जुलै १८७५ रोजी, सरकारने जहाजांबद्दलचं विधेयक बाजूला ठेवल्यावर, भर संसदेत उभा राहून जहाजमालकांना आणि त्यांची पाठराखण करणाऱ्यांना खलनायक म्हणाला, मुठी आवळून. सभागृहाने त्याला बाहेर जायला लावलं. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि जहाजाच्या अंगावर भाररेषा आली, म्हणजे माल भरल्यावर जहाज याहून खोल जाऊ द्यायचं नाही अशी खूण. तरी ती कुठे रंगवायची हे मालकाच्याच हातात ठेवलेलं होतं. ती जागा कायद्याने ठरवायला १८९० साल उजाडलं. चौदा वर्षं मालक आपल्या सोयीने रेघ मारत होते!

ही रेघ मला मामाने शिकवली. खाडीच्या ओल्या वाळूत काडीने त्याने एक वर्तुळ काढलं, मधून आडवी रेघ, बाजूला शिडीसारख्या लहान रेघा. टी म्हणजे उष्ण समुद्र, एस म्हणजे उन्हाळा, डब्ल्यू म्हणजे हिवाळा. सगळ्यात खाली डब्ल्यूएनए, हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक. पाणी जितकं वाईट तितका माल कमी. "ही रेघ पाण्याच्या वर दिसली तर चढायचं," तो म्हणाला. दुसऱ्या बाजूचं त्याने सांगितलं नाही, भरती आली आणि वर्तुळ गेलं.

या नादात एक सिनेमा असा सापडला की तो बघताना मामा बाजूला हवा होता असं फार वाटलं. 'द घोस्ट शिप', १९४३. निर्माता वॅल ल्यूटन, दिग्दर्शक मार्क रॉबसन. नाव भुताचं आहे, पूर्ण सिनेमात भूत नाही. एका जुन्या सिनेमासाठी बांधलेला जहाजाचा सेट स्टुडिओत पडून होता, त्यावर कमी पैशात काहीतरी उरकायचं होतं. त्यातून सव्वा तासापेक्षाही छोटा असा हा चित्रपट निघाला. माझ्या मते तो समुद्रावरचा सगळ्यात खरा भयपट आहे.

'अल्टेअर' नावाच्या मालवाहू बोटीवर एक तरुण तिसरा अधिकारी रुजू होतो. कप्तान स्टोन त्याचं प्रेमाने स्वागत करतो, अधिकार म्हणजे काय ते शिकवतो. त्याच्या केबिनच्या भिंतीवर सुकाणूचं न ऐकणारा खडकावर आदळतो अशा अर्थाचं वचन भरतकाम करून लावलेलं आहे. एक भलामोठा लोखंडी आकडा नुकताच रंगवलेला असतो. तरुण अधिकारी म्हणतो, बांधून ठेवू या. कप्तान म्हणतो, नको, रंग खराब होईल. रात्री वादळात तो आकडा सुटतो आणि डेकवर माणसांच्या अंगावर झुलू लागतो. मी हे दृश्य पहिल्यांदा बघितलं तेव्हा श्वास रोखून बसलो होतो. चकाचक रंग आणि त्याखाली माणसांचा जीव हे गणित गोदीत, कारखान्यात किंवा बांधकामावर काम केलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

मग लुई नावाचा खलाशी कप्तानाकडे येतो. माणसं कमी पडतायत, जवळच्या बंदरावर थांबून नवी घेऊ या, असं तो सगळ्यांच्या वतीने सांगतो. उद्धटपणा नाही, आवाज चढवलेला नाही, कामाबद्दलची साधी तक्रार. कप्तान थंडपणे सुचवतो की एखाद्या कप्तानाने ही गोष्ट मनात धरली असती. थोड्या वेळाने लुई नांगराची साखळी ठेवायच्या कोठीत उतरतो. वरून साखळी आत येत असते, खाली उभं राहून ती नीट रचायची हे त्याचं काम. कप्तान येतो, दरवाजा पाहतो आणि लावून घेतो. साखळी येत राहते. यंत्राच्या खडखडाटात त्याचा आवाज कोणाला ऐकू जात नाही.

या चित्रपटात मला सगळ्यात भयंकर वाटलं ते मात्र यानंतरचं. तरुण अधिकारी बंदरावर कंपनीच्या माणसाकडे तक्रार करतो. चौकशी होते. खलाशी एकेक करून येतात आणि कप्तान चांगला आहे, त्याने आमच्यासाठी काय काय केलं ते सांगतात. कोणी खोटं बोलतंय असंही नाही. ज्याच्या हातात तुमचं जेवण, पगार, रजा आणि पुढची नोकरी आहे, तो वाईट असेल हे मनाला पटवून घेणंच परवडत नाही. तक्रार करणारा एकटा पडतो. पुढे योगायोगाने तो त्याच बोटीवर परत येऊन पडतो, आणि आता सगळ्यांना कळून चुकलंय की त्याच्याशी बोलायचं नाही.

कप्तान स्टोनचं म्हणणं असं की या माणसांच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर आहे, म्हणून त्यांच्या जिवावर हक्कही माझा. हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत आयुष्यात पुष्कळदा ऐकलंय. तुम्हीही ऐकलं असेल.

या सिनेमाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. कथा चोरल्याचा आरोप करून दोन लेखकांनी दावा लावला, स्टुडिओ हरला आणि चित्रपट मागे घेतला गेला. जवळजवळ पन्नास वर्षं तो लोकांपुढे आला नाही. मामा बोटीवर होता त्या सगळ्या काळात हा चित्रपट कुठेतरी डब्यात बंद होता.

आता ज्याने त्या रात्री आम्हाला घाबरवलं त्या ड्रॅक्युलाबद्दल. बेला लुगोसी हंगेरीतला नट. १९१९ मध्ये तिथे काही महिने कम्युनिस्ट राजवट होती, त्या काळात त्याने नटांची कामगार संघटना उभी करायला पुढाकार घेतला. राजवट पडली तसा त्याला देश सोडावा लागला. व्हिएन्ना, बर्लिन करत तो शेवटी अमेरिकेत पोचला, डिसेंबर १९२० मध्ये, न्यू ऑर्लिन्स बंदरात. पोचला तो एका मालवाहू बोटीवरचा कामगार म्हणून. तिथे त्याने बोट सोडली आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला एलिस आयलंडवर त्याची रीतसर तपासणी झाली.

मी हे वाचलं तेव्हा उठून उभा राहिलो. पडद्यावर ज्याच्यामुळे अख्खी बोट मेली, तो माणूस स्वतः खलाशी म्हणून आलेला होता! आणि त्याने बोट सोडली त्याच्या पाचच वर्षं आधी, १९१५ मध्ये, अमेरिकेत ला फॉलेट कायदा झाला होता. बोट सोडून जाणाऱ्या खलाशाला पकडून तुरुंगात टाकायची पद्धत त्या कायद्याने बंद केली, परदेशी बोटींवरच्या खलाशांसाठीसुद्धा. त्यामागे अँड्र्यू फ्युरुसेथ या नॉर्वेत जन्मलेल्या खलाशाची वीसेक वर्षांची खटपट होती. १९३८ मध्ये तो गेला तेव्हा त्याची रक्षा अटलांटिकच्या मध्यावर सोडली.

दुसरा बोरिस कार्लोफ, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. याचे वडील ब्रिटिश हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात अधिकारी होते, आणि याच्या आजीची बहीण म्हणजे सयामच्या राजाच्या दरबारात शिकवायला गेलेली ॲना लिओनोवेन्स, जी १८३१ साली आपल्या अहमदनगरला जन्मली. कार्लोफने नट होण्याआधी आणि नंतरही हमालीची कामं केली, ट्रक चालवले. १९३१ मध्ये फ्रँकेन्स्टाइनचं काम मिळालं तेव्हा रोज चार तास नुसता मेकअप, पायात अवजड बूट, आणि एकदा तर सलग पंचवीस तास काम. दुसऱ्या नटाला खांद्यावर टाकून टेकडी चढायचं दृश्य पुन्हा पुन्हा घेतलं गेलं आणि त्यात त्याची पाठ गेली ती कायमची. १९३३ मध्ये स्टुडिओंनी मंदीचं कारण सांगून पगार कापले आणि नटांनी संघटना काढली, स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड. कार्लोफ त्याचा अगदी सुरुवातीचा सभासद, क्रमांक ९. लुगोसीही त्यात आला. स्टुडिओंनी गिल्डला मान्यता दिली ती १९३७ मध्ये.

जगाला ज्यांची भीती वाटली ते दोघेही कामाचे तास मोजून मागणारे निघाले. कॅसेट जुनी झाली, पण मला आता तो राक्षस चालताना दिसला की पहिल्यांदा त्याची पाठ आठवते.

आणि आपली माणसं? इंग्रजी बोटींवर आपल्याकडच्या खलाशांना लास्कर म्हणत. डेकवर कोकणातले, भट्टीपाशी आगवाले, जेवणाच्या खात्यात गोव्याचे, वर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, स्वयंपाकाला भंडारी, झाडलोटीला टोपास. त्यांचा करार वेगळा, पगार गोऱ्या खलाशाच्या चौथा-पाचवा हिस्सा. आणि एक आकडा मला बरेच दिवस झोपू देत नव्हता. बोटीवर राहायला किती जागा द्यायची हे कायद्याने ठरलेलं होतं. १९०६ नंतर ब्रिटिश खलाशाला १२० घनफूट. लास्कराला ३६.

छत्तीस घनफूट म्हणजे किती ते मी कागदावर मांडून बघितलं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. ड्रॅक्युला ज्या पेटीत झोपायचा ती थोडी बुटकी असेल, एवढाच फरक.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा या माणसांनी ठिकठिकाणच्या बंदरांत काम थांबवलं. पगार वाढवा, युद्धाचा भत्ता द्या. शेकडो जणांना तुरुंगात घातलं, पण पगार वाढवावा लागला. इंग्लंडमध्ये तर १९४१ पर्यंत अशी रीत होती की बोट बुडाली की त्या दिवसापासून खलाशाचा पगार बंद. तो लाटांत फळकुटाला धरून असेल, बचावनौकेत असेल, तरी खातं बंद. त्या युद्धात ब्रिटिश व्यापारी बोटींवर सुमारे ६,६०० भारतीय खलाशी मेले. पाणतीर लागतो तो बोटीच्या पोटात, आणि पोटात आगवाले असत.

मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होम आहे. मामा बोटीची वाट बघत तिथे राहिलेला आहे. गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचं नाव असलेल्या रस्त्यावरच ती इमारत आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना दुसरी कबर नाही, अशा दोन हजारांवर खलाशांचं स्मारक तिथे आहे. मी मामा गेल्यानंतर गेलो. बाहेर ट्रकांचे हॉर्न, हातगाड्या, मिरचीच्या पोत्यांचा ठसका. आत नावं वाचत उभा राहिलो. वाचताना ओठ हलत होते, आवाज काढत नव्हतो. अर्ध्या तासाने लक्षात आलं की मी आपल्याकडची आडनावं शोधतोय.

मामाने स्वतःचं मला एकदाच सांगितलं, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. ड्रॅक्युला बघितला त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. बोट एका देशाची, झेंडा दुसऱ्याचा, मालक तिसरीकडचा. एका परक्या बंदरात माल उतरवला आणि बोट बाहेर नांगरावर नेऊन उभी केली. मालकाकडून आठवडाभर निरोप नाही. मग महिनाभर नाही. अठरा जण. डिझेल संपलं तसा जनरेटर गेला आणि रात्री पूर्ण काळोख. लोखंड दिवसा तापायचं आणि रात्री कुरकुरायचं. तांदूळ होता तोवर तांदूळ, मग गळ टाकून मासे. पाऊस आला की ताडपत्री पसरायची. समोर गावातले दिवे दिसत होते.

मी विचारलं, उतरून का नाही गेलात? तो म्हणाला, उतरायला कागद नाहीत, आणि बोट सोडली की पगारावरचा हक्क गेला. ती बोट विकून जे येईल त्यातूनच आमचे पैसे निघायचे. म्हणून आम्हीच तिची राखण करायची. सात महिने.

"माल पोचला होता ना," तो म्हणाला. "मग आमची काय गरज?"

शेवटी खलाशांसाठी काम करणाऱ्या एका मिशनच्या पाद्र्याने तिकिटं काढून दिली. पगार कोणाला मिळाला नाही.

मला वाटत होतं की हे त्या मंदीच्या दिवसांतलं, आता नसेल. आता कायदा आहे. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २०१३ पासून अमलात आला, भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. दोन महिने पगार थकला, अन्नपाणी थांबलं किंवा घरी पाठवायचा खर्च मालकाने उचलला नाही, तर खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरायचं, आणि अशा वेळेसाठी मालकाने विमा उतरवलेला असलाच पाहिजे असा नियम २०१७ पासून लागू आहे. हे मोठं काम झालंय आणि ते आपोआप झालेलं नाही. तरी वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२४ सालचा आकडा दिला तो असा: ३१२ बोटींवर ३,१३३ खलाशी सोडून दिलेले. त्यांत सगळ्यात जास्त आपले, भारताचे, ८९९. एक सीरियन खलाशी तर इजिप्तच्या किनाऱ्यावर एका बोटीवर चार वर्षं अडकला होता, त्यातला बराच काळ अगदी एकटा. कोर्टाने त्याला बोटीचा रखवालदार ठरवला होता, म्हणून तो सोडून जाऊ शकत नव्हता. फोन चार्ज करायला तो पोहत किनाऱ्यावर जायचा.

आणि 'रोसस'. २०१३ मध्ये २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन ही बोट बैरूतला अडकली. मालकाने हात वर केले. कप्तान आणि तीन जणांना जवळजवळ वर्षभर बोटीवरच ठेवलं गेलं, त्या मालावर बसवून. ते सुटले, माल गोदामात गेला आणि तिथेच राहिला. ४ ऑगस्ट २०२० ला त्याचा स्फोट झाला, तो सगळ्या जगाने फोनवर बघितला.

मामाच्या ट्रंकेत एक शाळेची दोनशे पानी वही सापडली. मामीने ती मला दिली, तुला असलं वाचायची आवड आहे म्हणून. पहिल्या पानापासून तारखा. तारखेपुढे पाणी किती बादल्या, तांदूळ किती, कोणाला ताप. बऱ्याच दिवशी फक्त 'आज कोणी आलं नाय'. भावना अशी कुठे लिहिलेली नाही. एका पानावर भाररेषेचं ते वर्तुळ काढलंय, बोट रिकामी असल्याने ती रेघ पाण्याच्या किती वर होती ते फुटांत लिहिलंय.

शेवटच्या भरलेल्या पानावर अठरा नावं आहेत, एकाखाली एक, सारंगापासून टोपासापर्यंत. प्रत्येकापुढे गाव, महिन्याचा पगार, सात महिन्यांचे किती झाले, आणि खाली डॉलरमध्ये बेरीज. बेरजेखाली दोन रेघा मारल्यात. मी ती बेरीज पुन्हा करून पाहिली, बरोबर आहे.

पान उलटलं की मामीचं अक्षर सुरू होतं. जून १९८६, दूध, सकाळ अर्धा लिटर, संध्याकाळ पाव.